सर, आतली बातमी काय?

सरांनी आयुष्यात कुठल्याही शाळेत शिकवलेलं नाही. तरी त्यांना सगळे 'सर' म्हणतात, कारण पॉडकास्टमध्ये मुलाखतकाराने दर दुसऱ्या वाक्याला 'सर' म्हणायचं असा दंडकच पडून गेला आहे. पूर्वी ते जिल्हा आवृत्तीत वार्ताहर होते. मग मंत्रालयाच्या बातम्या करायला मुंबईला आले, आणि पुढे वाहिन्यांवरच्या सहा चौकोनांपैकी खालच्या कोपऱ्यातल्या चौकोनात बसू लागले. तिथे त्यांची फार कुचंबणा झाली. "याला १९७८ ची पार्श्वभूमी आहे" एवढं म्हणेपर्यंत वरच्या दोन चौकोनांतले प्रवक्ते एकमेकांची उणीदुणी काढू लागत आणि ब्रेक होई. वसंतदादांचं सरकार पाडून पुलोद आणेपर्यंत सरांना कुणी बोलूच दिलं नाही. पॉडकास्टने त्यांचे पांग फेडले. आता सर सलग दोन सव्वादोन तास बोलतात, आणि पहिला तास १९७८ ला मोकळा सोडलेला असतो.

स्टुडिओ म्हणजे कोथरूडमधल्या एका फ्लॅटची मागची बेडरूम. भिंतींना काळा स्पंज, कोपऱ्यात प्लॅस्टिकचं झाड, सरांच्या मागे पुस्तकांची फळी. त्यात यशवंतरावांचं 'कृष्णाकाठ' कॅमेऱ्याला नाव दिसेल असं खास पुढे काढून ठेवलेलं. रेकॉर्डिंग चालू असताना सर अगदी सभ्य, संथ आणि अभ्यासू असतात. यूट्यूबवरच्या चित्रात मात्र त्यांचं तोंड उघडं, मागे आगीच्या ज्वाळा, एक लाल बाण आणि 'महाराष्ट्रात मोठा भूकंप?' असा मजकूर. हे प्रश्नचिन्ह फार महत्त्वाचं. भूकंप झाला नाही तर तेच उपयोगी पडतं.

सरांची खरी कला बघायची तर त्यांना 'गेल्या पाच-सात वर्षांत नेमकं काय झालं' हे विचारावं. परवा त्यांनी ते टेबलावर मांडून दाखवलं. विधानसभा २८८ ची, बहुमताला हवेत १४५. चहाचा कप म्हणजे भाजप, २०१९ ला १०५ जागा. शेजारी स्वतःचा मोबाइल, ती शिवसेना, ५६. चष्म्याचं घर राष्ट्रवादी, ५४. काँग्रेससाठी हाताशी काही उरलं नव्हतं म्हणून चष्मा पुसायचं फडकं ठेवलं, ४४. मग कपापासून मोबाइल लांब सरकवून तो घराला आणि फडक्याला चिकटवला. महाविकास आघाडी झाली. इथवर ठीक होतं. जून २०२२ आला तसं सरांनी मोबाइल उचलला आणि त्याचं कव्हर काढलं. कव्हर सुरतेला, तिथून गुवाहाटीला, म्हणजे टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला गेलं. "सर, पण यातली खरी शिवसेना कुठली?" मुलाखतकाराने विचारलं. "निवडणूक आयोगाने निकाल दिलेला आहे," सर म्हणाले, आणि कव्हर कुठलं नि मोबाइल कुठला हे सांगायचं सफाईने टाळलं. जुलै २०२३ मध्ये चष्म्याच्या घरातून चष्मा बाहेर आला आणि कपाशेजारी जाऊन बसला. आता सरांना चष्म्यावाचून समोरचे मुद्देच दिसेनात, तेव्हा राष्ट्रवादीचा एक गट नाकावर चढवावा लागला. बोलण्याच्या नादात भाजप दोनदा पिऊन झाला होता. फडकं मात्र शेवटपर्यंत जागच्या जागी होतं. "काँग्रेसची हीच स्ट्रॅटेजी आहे," असं सर त्याच्याकडे न बघता म्हणाले.

सरांच्या जगात कुणी चुकत नाही, कुणी विसरत नाही, कुणाला ताप येत नाही. नेता बैठकीला आला नाही तर 'संदेश दिला'. आला आणि गप्प बसला तर 'योग्य वेळेची वाट बघतोय'. मधूनच उठून गेला तर 'खेळी'. योगायोग हा शब्द त्यांना चालत नाही. पहाटेचा शपथविधी २३ नोव्हेंबर २०१९ चा आणि पुढच्या विधानसभेचा निकालही २३ नोव्हेंबर २०२४ चा, हे लक्षात आल्यापासून तर त्यांना नीट झोप लागलेली नाही. मुलाखतकार गंमत म्हणून "तारखेत काही अर्थ असेल का सर?" असं विचारून गेला आणि पुढची अठरा मिनिटं फुकट गेली.

साताऱ्याचं प्रकरण घ्या. २०२४ च्या लोकसभेला शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस, आणि अपक्षांच्या यादीतही एक तुतारी होती, माणसाशिवायची. साताऱ्यात या बिनमाणसाच्या तुतारीला ३७ हजारांवर मतं पडली आणि पवारांचा उमेदवार ३२ हजारांच्या फरकाने हरला. एखाद्या आजीबाईने तुतारी बघितली, बटण दाबलं आणि समाधानाने घरी गेली, यापलीकडे त्यात फारसं काही नसावं. सर म्हणाले, "याला म्हणतात सूक्ष्म नियोजन!" कोणाचं, असं विचारल्यावर डोळे बारीक केले. "मी नाव घेणार नाही. प्रेक्षक सुज्ञ आहेत."

नाव न घेणं हा सरांच्या धंद्याचा कणा आहे. परवाच एका मोठ्या नेत्याशी त्यांचं बोलणं झालेलं असतं, कुठल्या पक्षाच्या ते कळत नाही. माझा अंदाज असा की हे बोलणं नेत्याच्या पीएशी होतं. पीएला ती माहिती एका माजी नगरसेवकाकडून मिळालेली असते आणि माजी नगरसेवक आपल्या पक्षाने युती का केली हे समजून घ्यायला दर शनिवारी सरांचा पॉडकास्ट ऐकतो.

दीड तास उलटला की मध्येच लाकडी घाण्याच्या तेलाची जाहिरात येते. ती संपल्यावर मुलाखतकार अपराधी चेहऱ्याने म्हणतो, "सर, थोडं धोरणांवर बोलूया का?" सर जरा नाराज होतात, पण नाही म्हणत नाहीत. लाडकी बहीण योजनेवर ते चाळीस मिनिटं बोलले. मध्य प्रदेशात २०२३ ला लाडली बहना कशी चालली, ते पाहून इथे जून २०२४ च्या अर्थसंकल्पात महिना दीड हजार कसे आले, तीन पक्षांत श्रेय कुणी घ्यायचं, फलकावर कुणाचा फोटो मोठा, सगळं बारकाईने. मग त्या पोराने धीर करून विचारलं, "पण सर, वर्षाला ४६ हजार कोटी लागतील असं सरकारच म्हणत होतं. ते आणायचे कुठून?"

सर त्याच्याकडे कौतुकाने बघत राहिले. "वा! हाच प्रश्न विरोधकांनी लावून धरायला हवा होता. पण त्यांनी स्वतःच तीन हजार कबूल केले, आता विचारणार कुठल्या तोंडाने? इथेच त्यांची स्ट्रॅटेजी फसली." पैसे कुठून आणायचे ते राहिलंच. धोरणावरचा एक अख्खा स्वतंत्र भागही सरांनी केला होता, सिंचनाचा. तो कुणी पाहिला नाही. खोटं कशाला बोलू, मीही तो 'नंतर बघू' म्हणून बाजूला ठेवला आणि भूकंपाचा उघडला.

कॅमेरा सांभाळणारा मुलगा चांदवडकडचा आहे. रेकॉर्डिंग संपल्यावर माइक गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "सर, कांद्याचं जरा विचारायचं होतं."

"लोकसभेला कांद्यानेच दिंडोरी पाडली," सर ताबडतोब म्हणाले. "अंडरकरंट!"

"तसं नाही सर. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा आमचा लाल कांदा निघाला होता. तो चाळीत टिकत नाही, मिळंल त्या भावात काढावा लागला. उठवली ती मे महिन्यात."

"४ मे. आणि नाशिक पट्ट्यात मतदान २० मे ला. टायमिंग बघ!"

"हो सर. पण वडील विचारतायत, यंदा लागवड करावी का?"

सर थांबले. एवढा वेळ गप्प बसलेले सर मी कधी पाहिले नव्हते. त्यांनी कप उचलला, रिकामा होता, परत ठेवला. मग म्हणाले, "ते दिल्लीत कुणाला कधी वाटेल की शहरात कांदा महाग झालाय, त्यावर आहे बाळा. आपल्या हातात काही नाही." सव्वादोन तासांतलं हे सगळ्यात खरं वाक्य, आणि कॅमेरा बंद होता.

भाकितांचं म्हणाल तर सर कधीच चुकलेले नाहीत. लोकसभेला ४८ पैकी ३० जागा आघाडीला गेल्या तेव्हा ते "मी म्हटलंच होतं" म्हणाले. सहा महिन्यांत विधानसभेला महायुतीच्या तीन पक्षांना मिळून २३० मिळाल्या तेव्हाही म्हणाले. दोन्ही वेळा आदल्या आठवड्यात ते "काँटे की टक्कर आहे, काहीही होऊ शकतं" असं सांगत होते, आणि काहीही झालंच की!

२० नोव्हेंबर २०२४ ला, मतदानाच्या दिवशी, सर सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत स्टुडिओत लाइव्ह होते. 'सुशिक्षित मतदार घराबाहेर का पडत नाही' यावर ते फार पोटतिडकीने बोलले. मतदान केंद्र समोरच्याच शाळेत होतं. सरांचं मतदान राहून गेलं.