मंडप बघायला कोण येतं?

नांदेड असो की लातूर, रस्त्यावर मंडप घालायचा तर कायद्यानं दार एकच आहे: महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम 234. सणासमारंभासाठी रस्त्यावर तात्पुरतं काही उभारायचं असेल, तर पोलिसांच्या संमतीनं आयुक्तांनी लेखी परवानगी द्यायची. नांदेड-वाघाळा महापालिका 1997ची, लातूरची 2011ची. कलम दोघींना सारखंच लागू. पण त्या कागदापर्यंत पोचायला गणेश मंडळाच्या पोरांना पोलीस ठाणं, वाहतूक शाखा, अग्निशमन, महावितरणची तात्पुरती जोडणी, ध्वनिक्षेपकाचा परवाना, वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज, एवढी फेरी मारावी लागते. फेरीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती एका न मिळणाऱ्या सहीबद्दल. मंडप उभा राहिल्यावर तो डोळ्यांनी पाहून ‘हा वाऱ्यापावसात टिकेल’ असं लिहून देणारा माणूस गल्लीतल्या मंडपाकडे फिरकत नाही.

अर्ज येतो तेव्हा मंडप नसतो, असतो तो नकाशा. मंडप उभा राहतो तेव्हा तपासणारा नसतो. आणि लग्न, बारसं, तेरवीसाठी दारासमोर रस्ता अडवून जो मंडप पडतो, त्याच्यासाठी अर्ज करायचा असतो हेच बहुतेक घरांना ठाऊक नाही.

मंत्री येणार असले की मात्र चित्र पालटतं. सार्वजनिक बांधकाम विभागाचे अभियंते व्यासपीठाखाली शिरतात, ट्रसचे जोड बघतात, किती माणसं वर चढतील ते विचारतात, प्रमाणपत्र देतात. हे व्हायलाच हवं. पण ज्ञान आहे, अभियंता आहे, प्रमाणपत्राचा नमुनाही आहे, तर हे सगळं समोर बसलेल्या चार हजार माणसांच्या डोक्यावरच्या छतापर्यंत का पोचत नाही? 16 एप्रिल 2023ला खारघरला ‘महाराष्ट्र भूषण’ सोहळ्यात व्यासपीठावर सावली होती, मैदानातल्या लाखोंच्या डोक्यावर काही नव्हतं. 14 माणसं उष्माघातानं गेली. तो सरकारी कार्यक्रम होता, परवानग्यांची कमतरता तिथं असणं शक्यच नव्हतं.

ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकरांनी 2010 साली जनहित याचिका केली. त्यावर मुंबई उच्च न्यायालयानं 2015 आणि 2016 साली दिलेले आदेश फार मोलाचे आहेत. वाहतूक अडवून रस्त्यावर पूजा करणं हा मूलभूत हक्क नाही, हे न्यायालयानं स्वच्छ सांगितलं. सणाआधी महसूल अधिकाऱ्यांनी फिरून मंडप बघावेत, लोकांच्या तक्रारी ऐकायची सोय करावी, हेही सांगितलं. मात्र त्या पाहणीचा सगळा भर बेकायदा आणि वाट अडवणाऱ्या मंडपांवर आहे. जमिनीवर टेप धरली जाते, वर कुणी पाहत नाही.

वर काय असतं? पॉलिस्टरचं छत, नायलॉनचा दोर, झालरीतून ओढलेली वायर आणि त्या वायरला चिकटपट्टीचा जोड. तात्पुरत्या मंडपांच्या अग्निसुरक्षेसाठी भारतीय मानक आहे, आयएस 8758. ते म्हणतं, छत किमान 3 मीटर उंच असावं, कृत्रिम धाग्याचं कापड आणि दोर वापरू नये, विजेच्या चालू तारेखाली मंडप घालू नये, बाहेर पडायची वाट कुठूनही 15 मीटरच्या आत असावी. लातूरच्या गंजगोलाईभोवतीच्या किंवा नांदेडच्या वजिराबादच्या बाजारपेठेत मंडप पडेल तेव्हा या चार गोष्टी हातात धरून कुणीही पाहावं. त्यातल्या दोन जरी पाळलेल्या दिसल्या, तरी त्या मंडपवाल्याचा सत्कार करावा.

हे न बघणं माणसांच्या जिवावर बेततं. 23 डिसेंबर 1995ला हरियाणात मंडी डबवालीच्या शाळेचं स्नेहसंमेलन चालू होतं. कृत्रिम कापडाचं छत पेटलं आणि जळतं कापड खाली बसलेल्यांवर पडलं. चारशेच्या वर माणसं गेली, त्यात लहान मुलं किती तरी. 10 एप्रिल 2006ला मेरठच्या ग्राहक मेळ्यातल्या मंडपांना आग लागून 65 जण गेले. 23 जून 2019ला राजस्थानात जसोलला रामकथा चालू असताना वादळात मंडप कोसळला, लोखंडी सांगाड्यात वीज उतरली, किमान 14 जण दगावले. या जसोलकडे मराठवाड्यानं नीट पाहावं, कारण एप्रिल-मेमधली दुपारनंतरची वावटळ आणि अवकाळी आपल्या रोजच्या ओळखीची आहे. आपली जमीनही काळी. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि खुंटी सैल बसते. पाऊस झाला की तीच खुंटी लोण्यात रोवल्यासारखी हलते. मुंबईच्या डांबरी रस्त्याचे नियम इथल्या मैदानाला तसेच लावून चालणार नाही. खुंटी किती खोल, ताण किती दोरांवर, हे नांदेडच्या मातीसाठी नांदेडच्या अभियंत्यांनीच ठरवायला हवं.

राज्य सरकारनं 2023 साली, दहा वर्षांत एकही तक्रार नसलेल्या गणेश मंडळांना एकदम पाच वर्षांची परवानगी द्यायचं ठरवलं. कार्यकर्त्यांची पायपीट वाचते, हे चांगलंच. पण मंडळ जुनं असलं तरी मंडप दरवर्षी नवा असतो. मंडपवाला बदलतो, देखावा बदलतो, यंदा कमान दहा फूट उंच तर पुढच्या वर्षी तीस. पाच वर्षांचा विश्वास मंडळावर ठेवा, मंडपावर ठेवू नका.

आणि मंडपवाल्याला या कागदावर आणा. परवानगी असते मंडळाच्या अध्यक्षाच्या नावावर. गाठी मारणाऱ्या बिछायत केंद्राचं नाव कशावरच नसतं. बल्लीवर अनवाणी चढणाऱ्या, कमरेला दोरही नसलेल्या त्याच्या पोराचं तर नाहीच नाही. तो पोरगा पडला तर कोणत्या फायलीत त्याची नोंद होईल, सांगा.

वेळ नाही, माणसं नाहीत, हे उत्तर मला मान्य नाही. 2024च्या लोकसभेला नांदेडचं मतदान 26 एप्रिलला झालं, लातूरचं 7 मेला. भर उन्हाळ्यात दोन्हीकडे सभांवर सभा झाल्या. निवडणूक आयोगाच्या ‘सुविधा’ प्रणालीत पक्षांनी 48 तास आधी अर्ज करायचा, 24 तासांत निकाल, आधी येईल त्याला आधी. पक्षांसाठी एक खिडकी उघडते, ती गल्लीतल्या मंडळासाठी आणि मुलीच्या लग्नाचा मंडप घालणाऱ्या बापासाठीही उघडली पाहिजे. अर्ज सोपा करा, शुल्क कमी ठेवा. आणि मंडप उभा झाल्यावर, वीज चालू करण्याआधी, पालिकेचा अभियंता, अग्निशमनचा माणूस आणि महावितरणचा वायरमन यांनी मंडपवाल्याला सोबत घेऊन तासभर तो बघावा. किती माणसं बसतील, मंडप कुणी बांधला, कुणी तपासला, हे प्रवेशद्वारावर मोठ्या अक्षरांत लावावं.

एक गोष्ट आजही कुठल्याच परवान्यात दिसत नाही. हवामान खात्याचा वादळाचा तीन तासांचा इशारा आता मोबाइलवर मिळतो. तो आला की कार्यक्रम थांबवायचा अधिकार कुणाचा? पाहुणे व्यासपीठावर आहेत, माइक चालू आहे, कापड फडफडायला लागलंय. अशा वेळी आयोजक पोलिसाकडे बघतो आणि पोलीस आयोजकाकडे. गणेशोत्सवाआधीच्या शांतता समितीच्या बैठकीत डीजेच्या आवाजावर बोलून झालं की मंडळांनी हे विचारावं, आणि त्या माणसाचं नाव व फोन नंबर परवान्यावर लिहून घेतल्याशिवाय उठू नये.