घोडे वाढवून मिळतील

गेवराईत कापसाला काय भाव मिळतो, ते शेतकऱ्याला विचारू नका, दिवस खराब जाईल. पण तोच कापूस जाळीत दाबून, वर तेल चोपडून खोक्यात घातला की त्याचा ‘परफॉर्मन्स फिल्टर’ होतो आणि एका नगाचे काही हजार मोजावे लागतात. आमचे उत्साही तो टर्बो डिझेल स्कॉर्पिओत बसवतात आणि धुळे-सोलापूर महामार्गावर पंधरा घोडे वाढल्याचं जाहीर करतात. मोजले कशाने? कानाने. आवाज मात्र खरंच वाढतो.

टर्बोने किती दाब द्यायचा, हे गाडीचा संगणक ठरवतो. हवा जरा मोकळी आली, तर तो टर्बोला तेवढं कमी राबवतो. दाब जवळपास तोच. कंपनीचा कागदी फिल्टर स्वच्छ असला की इंजिनाला हवा पुरते. खरी सोय होते ती चैत्रातल्या फुफाट्याची. अशा फिल्टरमधून तो अनेकदा जास्तच आत शिरतो आणि मिनिटाला लाखभर फेरे घेणारी टर्बोची पाती झिजवतो. जास्तीचं तेल हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं, ते वेगळंच.

आणि एवढी ताकद वापरायची कुठे? वरातीत, डीजेच्या मागे, पहिल्या गिअरमध्ये.