गाडी कुठे लावलीत?

दापोली तालुक्यात पायी हिंडणाऱ्याला ‘कुठून आलात?’ हा प्रश्न दुसरा येतो. पहिला, ‘गाडी कुठे लावलीत?’ बंद पडली असं सांगितलं तर दोन माणसं मदतीला निघतात. मुळात गाडीच नाही म्हटलं, की पंचाईत होते. एका आजोबांनी तर लग्न लांबलेल्या मुलाला द्यावा तसा मला धीर दिला, “होईल हो, घाई कसली!”

गाडीवाल्यांना कोकण दिसतं ते डांबरी रस्त्यावरून, आणि तो रस्ता उगाच लांबून फिरतो. पाखाडी तसली नाही. जांभ्याच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना गडगे आणि रुंदी एका माणसापुरती. समोरून गवताचा भारा आला, तर आपण गडग्याला चिकटायचं. मग भाऱ्याखालून आवाज येतो, “कोणाकडचे?” माणूस दिसत नाही, चौकशी मात्र पुरी होते.

आसूदच्या केशवराजाला जाताना सगळेच सारखे. लाखांच्या गाड्या वर रस्त्याकडेला राहतात आणि मालक सुपारीच्या बागांतून खाली उतरू लागतात. पाटाचं पाणी वाहत असतं, वर पोफळींची दाट सावली. साकव ओलांडला की चढण लागते, आणि खरा माणूस इथे कळतो. खाली मोठ्याने फोनवर बोलणारे गृहस्थ दहा पायऱ्यांत गप्प होतात. वर देवळात गोमुखातून पाण्याची धार पडते. ते पाणी पिण्याआधी कुणी देवाला हात जोडलेले मी तरी फारसे पाहिले नाहीत. देवानेही हे समजून घेतलेलं असावं.

महर्षी कर्वे लहानाचे मोठे झाले ते इथल्याच मुरूडला. परीक्षेसाठी ते मुरूडहून सह्याद्री चढून थेट साताऱ्याला चालत गेले. एवढी पायपीट करून पोचले, तर वय लहान दिसतं म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. माझं एवढ्यावरच शिक्षण सुटलं असतं. ते पुढे १०४ वर्षं जगले. त्यात चालण्याचा वाटा किती, ते डॉक्टरांनी ठरवावं.

अर्थात सगळीकडे चालतच जायचं, असा माझा हट्ट नाही. एप्रिलमध्ये भर दुपारी सड्यावरच्या कातळातून चालणं याला निसर्गप्रेम म्हणत नाहीत, दुसरा शब्द आहे. अशा वेळी एसटी. १ जून १९४८ला पुणे-नगर मार्गावर पहिली बस धावली, तेव्हापासून बिनगाडीच्या माणसाचं गोत्र तेच. बायकांना २०२३पासून अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर फुकट. त्यामुळे गाडीत गप्पांचा दर्जा उत्तम असतो. हर्णैचा पापलेटचा भाव, कुणाच्या कलमांना मोहोर आला, कुणाचा मुलगा मुंबईहून परत आला आणि का, हे सगळं दोन थांब्यांच्या आत कळतं. स्वतःच्या गाडीत काचा वर करून बसलेल्याला यातलं काय मिळणार? गाणी!

तुम्हाला जायचं असेल तर थंडीत जा. टोपी घ्या, पाण्याची बाटली घ्या, पायांत जुन्या चपला नकोत. आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे दोघांना विचारा. दोघांनी वेगळं सांगितलं तर अलीकडची वेळ खरी धरा.