धबधबा कसा पाहावा : चंदीगडला जाणाऱ्या नवशिक्यांसाठी

शिमला-मनालीच्या सहलीत चंदीगडच्या वाट्याला जेमतेम अर्धा दिवस येतो. तेवढ्यात धबधबा पाहून त्याचा इतिहासही उरकायचा असल्यास पुढील सूचना पाळाव्यात. ठोसेघर, आंबोली करून आलेल्या अनुभवी मंडळींनीही त्या वाचाव्यात. जुन्या सवयी येथे नडतात.

साहित्य : साध्या चपला, पाण्याची बाटली, वाकणारी कंबर. टॉवेल आणि बदली कपडे हॉटेलवरच ठेवावेत.

पायरी १. पत्ता. आपल्याकडे धबधब्याचा पत्ता ‘पुढच्या वळणावर टपरी लागेल, तिथे विचारा’ असा असतो. इथे रिक्षावाल्याला ‘सेक्टर १, रॉक गार्डन’ एवढेच सांगावे. उत्तरेला शिवालिकच्या टेकड्या दिसतील. तिकडे जाण्याचा मोह टाळावा.

पायरी २. वाकणे. आतली दारे मुद्दाम ठेंगणी आहेत. बाग उभारणारे नेकचंद सैनी हिला देवदेवतांचे राज्य मानत. तिथे येणाऱ्याने मान लववावी, हा त्यांचा हिशेब. लहान मुले ताठ मानेने आत जातात. मोठ्या मंडळींनी कपाळ सांभाळावे.

पायरी ३. पाणी पाहणे. उंच कड्यावरून पाणी कोसळताना दिसेल. फोटो काढून होताच सोबतचे एक काका ‘हे पंपाचं पाणी आहे, ओरिजिनल नाही’ असे जाहीर करतील. काकांचे बरोबर आहे. त्यांना शेजारचा सुखना तलाव दाखवावा : तो १९५८ साली ओढ्यावर बांध घालून केलेला. मग शहर दाखवावे : ते ल कॉर्बुझिए यांनी आधी कागदावर काढले. त्या मानाने हा धबधबा अगदी स्थानिक परंपरेतला आहे.

पायरी ४. इतिहास. त्यासाठी पाण्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करावे. ही आखीव राजधानी उभी करताना दोन डझनांवर गावे उठवली गेली. त्यांचा राडारोडा उरला. फाळणीत स्वतःचे गाव पाकिस्तानात राहिलेले नेकचंद इथे सार्वजनिक बांधकाम खात्यात रोड इन्स्पेक्टर होते. त्यांनी तो राडारोडा सायकलवरून राखीव जंगलात नेला आणि रात्री जुने टायर जाळून त्या उजेडात काम केले. खात्याला पत्ता नाही. १९७५च्या सुमारास झाडी साफ करताना सरकारी माणसांपुढे अचानक शेकडो पुतळे उभे राहिले. नियमाप्रमाणे सारे पाडायला हवे होते; पण १९७६ साली बाग लोकांना खुली झाली आणि नेकचंदांना पगार व पन्नास मजूर मिळाले. धबधबे त्यानंतरच्या, म्हणजे रीतसर काळातले. चोरून करण्यासारखे सगळे तोवर झाले होते.

पायरी ५. जवळून पाहणे. बायकांच्या पुतळ्यांचे कपडे हातभर अंतरावरून पाहावेत. ते फुटक्या बांगड्यांचे आहेत : हिरवी, लाल, पुन्हा हिरवी, काचेच्या कडा सिमेंटमध्ये दाबलेल्या. दुसरीकडे फुटक्या कपबशा, विजेच्या फ्यूजची चिनीमाती, डांबराची पिंपे. संडासाचे भांडे ओळखू आल्यास मोठ्याने सांगू नये. बाकीच्यांनाही ते ओळखू आलेले असते.

नेहमीच्या शंका

हा कोणत्या राजाने बांधला? राजाने नाही, कर्मचाऱ्याने. तोही ड्यूटी संपल्यावर.

सरकारी जागेवर अतिक्रमण केल्यास पद्मश्री मिळते का? मिळते. १९८४ साली मिळाली. अट एकच : अठराएक वर्षे कोणाला सुगावा लागता कामा नये.

आता तरी बागेला धोका नाही ना? सरकारी कागदावर आल्यावर धोका वाढतो. १९९० साली रस्त्यासाठी बुलडोझर आले. नागरिकांनी साखळी करून ते अडवले. २०२५ साली उच्च न्यायालयाच्या वाहनतळाकडे जाणाऱ्या रस्त्यासाठी भिंतीचा काही भाग पाडलाच.

मग त्या भिंतीच्या राडारोड्याचे काय करायचे? त्यासाठी पात्र उमेदवार हवा : स्वतःची सायकल असलेला, रात्री जागणारा आणि साहेबांच्या नजरेत न भरणारा रोड इन्स्पेक्टर. ही जागा १२ जून २०१५ पासून रिक्त आहे.