कोरफडकाका

न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरमध्ये मराठी माणसाने घर घेतलं की वास्तुशांतीला एकसारखे चार गणपती येतात आणि कोरफडीचं एक पिल्लू. गणपती कोणीही देतं. पिल्लू कोरफडकाकांचंच, तळाला खिळ्याने भोकं पाडलेल्या दह्याच्या रिकाम्या डब्यात.

काकांची उभी नोकरी रूट वनवरच्या औषध कंपन्यांत गेली. एका गोळीसाठी पेटारे भरून पुरावे मागणारा माणूस. कोरफडीपुरतं मात्र "आमची आजी लावायची" एवढ्यावर भागतं. केस गळोत, साखर वाढो, नाहीतर मुलाचा एच-वन अडको, कुंडी तयारच.

किरकोळ भाजल्यावर गर लावला तर बरं वाटतं, याला थोडाफार आधार आहे. पण काका पान सालीसकट मिक्सरमध्ये घालतात. सालीच्या लगेच आत पिवळा, कडूजहर चीक असतो. तोच वाळवला की काळा बोळ. जुलाब होणार म्हणजे होणारच. इथल्या अन्न व औषध प्रशासनाने 2002 साली दुकानात मिळणाऱ्या रेचकांतून तो बाद केला. एका कोजागरीला काकांनी मसाला दुधाआधी सगळ्यांना अर्धा-अर्धा पेला रस पाजला. घराला अडीच बाथरूम. त्या रात्री पाच असती तरी पुरली नसती. काका जिन्यापाशी उभं राहून धीर देत होते, "शुद्धी होतेय, शुद्धी!"

निजायच्या खोलीत कुंड्यांची रांग आहे, कारण कोरफड म्हणे रात्रभर ऑक्सिजन सोडते. वास्तविक ती बया रात्री पानांची छिद्रं उघडते ती कार्बन डायऑक्साइड आत घ्यायला. दिवसा उघडली तर उन्हात पाणी उडून जाईल, हा तिचा अरबस्तानी हिशेब. ऑक्सिजन उजेडातच तयार होतो. काकांचं उत्तर ठरलेलं, "नासाने सिद्ध केलंय!" नासाचा 1989 सालचा प्रयोग बंद पेटीतला होता, काकूंनी खिडकी उघडली तर हवा त्याहून लवकर बदलते. काकू उघडतातही. काका लावून घेतात.

थंडीत कोरफड बाहेर राहिली तर गोठून तिचा लगदा होतो, म्हणून ऑक्टोबरात काकांची गाडी अंगणात आणि कुंड्या गराजमध्ये. न्यू जर्सीच्या रेताड जमिनीत अस्सल इथला एक फड्या निवडुंग उगवतो. हिवाळ्यात सुरकुतून जमिनीला टेकतो आणि वसंतात उठतो. त्याला गराज लागत नाही. "कोरफडीचाच चुलतभाऊ," काका म्हणतात. दोघांचं कूळ वेगळं, पण काकांना नातेवाईक जोडायची हौस.

पाहुणे आले की काका त्यांना ग्रोव्हर्स मिलला, व्हॅन नेस्ट पार्कात नेतात. 30 ऑक्टोबर 1938 च्या रात्री ऑर्सन वेल्सच्या रेडिओ-नाटकात मंगळावरचे लोक उतरले ते इथेच. 1988 मध्ये स्मारकही बसवलं. अख्खी अमेरिका रस्त्यावर धावली, असं काका रंगवून सांगतात. घबराट वर्तमानपत्रांनीच फुगवली होती, असं आता अभ्यासक म्हणतात. पण काकांना मधे कोण थांबवणार?

"ऐकलं की खरं मानायचं! शहानिशा नाही, काही नाही. काय भोळे लोक हो!" म्हणत काका डिकी उघडतात आणि थर्मास काढतात.

"मला नको काका, आज संकष्टी आहे."

"उपासाला चालतो."