शून्याचा राखणदार

कोकणात गावागावाला राखणदार असतो आणि तो सहसा दिसत नाही. पिंगुळीसारख्या गावात हल्ली एक दिसणारा राखणदारही आढळतो. मंडळाच्या, भजनी मेळ्याच्या, दशावतारी कंपनीच्या याद्या एक्सेलमध्ये चढवणारा हा गृहस्थ. कुणी नावं-खाती भरून आणली की रकमेकडे न बघता त्याचा पहिला प्रश्न, "मेल्या, फुडला शून्य खंय गेला?" लोक त्याला किरकिऱ्या म्हणतात. माझ्या मते साऱ्या मंडळात व्यवहार कळणारा तो एकटाच.

डावीकडच्या शून्याला किंमत नसते, हे शाळेतलं गणित त्याला हमखास ऐकवलं जातं. गणित खरं आहे, लावलंय भलत्या ठिकाणी. दोन खातेक्रमांकांची बेरीज करून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही आणि कुडाळच्या ०२३६२ या एसटीडी कोडला कुणी दोनाने भागत नाही. या खुणा आहेत, मोजमापं नव्हेत. एक्सेलला हा भेद कळत नाही. नुसते आकडे दिसले की तो त्यांना रक्कम समजतो आणि पुढची शून्यं गिळतो. उलट आकडे पंधराच्या वर गेले की सोळाव्यापासून पुढे पदरची शून्यं भरतो. हक्काचं कापायचं आणि न मागितलेलं द्यायचं, ही रीत तो कुठल्या कचेरीत शिकला कोण जाणे!

शून्याचं मोल पटवायला पिंगुळीची चित्रकथी पुरेशी आहे. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, ती याच ठाकर परंपरेतल्या कलेसाठी. एका कथेची चित्रं पोथीत क्रमाने लावलेली असतात. त्यांची सूची 'चित्र १', 'चित्र २' अशी लिहून शीटला क्रम लावायला सांगा. एकानंतर थेट दहा येतो, मग अकरा, आणि बिचारा दोन एकोणिसाच्या मागे रांगेत. रामायणाची पोथी असली तर सीताहरणाआधीच लंका पेटायची. ०१, ०२ लिहिलं की रावण वेळेवर येतो.

'फॉरमॅटमध्ये शून्यं घाला की झालं,' असं हुशार लोक सुचवतात. सगळी खाती एकाच बँकेत असतील तर ठीक. पण बँकेगणिक क्रमांकाची लांबी वेगळी. गेलेली शून्यं एक होती की तीन, हे कुणाला विचारणार? २०२३ साली मायक्रोसॉफ्टने शून्य न गिळण्याची सोय दिली, तीही ज्याने सुरू केली त्याच्यापुरती. तीच यादी सीएसव्ही होऊन दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की शून्य पुन्हा गडप. राखणदाराचा एक अतिरेक मात्र मान्य करावा लागेल. वर्गणीच्या वहीतही तो ०१०१ लिहितो. वर्गणी ही मोजायचीच गोष्ट, तिथे या शून्याला काही काम नाही.

तेव्हा त्याच्याकडे यादी न्यायची असेल तर खात्याचा रकाना आधी टेक्स्ट करा, मग आकडे भरा. मागाहून केलात तर गेलेलं शून्य परत येत नाही, आणि पासबुकं बघायला पुन्हा घरोघर हिंडावं लागतं.