फाईल सुनेच्या नावावर

"वहिनी, ऐकलंत का? फाईल म्हणे सुनेच्या नावावर टाकणार!"

"कॅनडाची?"

"मग काय सातबाऱ्याची? मुलगा इंजिनीअर, सातपूरला एवढी चांगली नोकरी, आणि कागदावर कोण? तर बायकोचा डिपेंडंट! हे सकाळपासून माझ्याशी बोलले नाहीयेत."

माईंचा आवाज मुळात जेलरोडच्या रिक्षांवर मात करणारा. कंपाउंडच्या भिंतीवर दोन्ही कोपरं टेकवून त्या सुरू झाल्या, की अलीकडच्या-पलीकडच्या चार घरांत वेगळी बातमी द्यावी लागत नाही. तक्रारीचा सूर लावला होता खरा, पण डोळ्यांत हसू होतं. माझी लेक कॅनडात ब्रॅम्प्टनला असल्यामुळे गल्लीत मला व्हिसाची वकील समजतात. म्हटलं, माई, सुनेनं बरोबर केलंय. अप्पांना माझ्याकडे पाठवा.

हिशेब साधा आहे. कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्रीत नवरा-बायको आणि मुलं मिळून एकच अर्ज असतो. मुख्य अर्जदार कोण, हे घरानं ठरवायचं. मुख्य अर्जदाराचं वय, शिक्षण, भाषा आणि तिथला अनुभव यांना ४६० पर्यंत गुण. जोडीदाराला सगळं मिळून जास्तीत जास्त ४०. म्हणजे ज्याचे गुण जास्त, त्याला पुढे करायचं. वयाचे गुण तर तिशीपासून दर वाढदिवसाला गळायला लागतात. माईंचा मुलगा ४१ चा, त्याला वयाचे ३५ मिळतात. सून ३७ ची, तिला ६०. वर ती बी.एस्सी. नर्सिंग. २०२३ पासून कॅनडा आरोग्यसेवेतल्या लोकांसाठी वेगळे ड्रॉ काढतो आणि त्यांचा कटऑफ बहुधा सर्वसाधारण ड्रॉपेक्षा खाली असतो. मुलगा पुढे राहिला असता, तर अर्ज पडून राहण्याचीच शक्यता जास्त होती.

"हे सगळं खरं हो," माई म्हणाल्या, "पण लोक काय म्हणतील? बायकोच्या मागे गेला म्हणून?"

लोक १८८३ सालीही म्हणालेच होते. आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला नवऱ्याशिवाय बोटीत बसल्या आणि गोपाळराव मागाहून अमेरिकेला गेले. तेव्हा व्हिसाची भानगड नव्हती, नाहीतर गोपाळरावांच्या कागदावरही डिपेंडंटच लिहिलं असतं. माईंना हे फार पटलं. अप्पांना जेवताना ऐकवणार म्हणाल्या.

आता कॅनडाच का, तर बाकीचे देश एकेक करून बाद झाले म्हणून. आधी सगळ्यांच्या तोंडी अमेरिका होती. मुलाचा मावसभाऊ न्यू जर्सीत आहे ना. पण त्याच्या बायकोची कथा माईंनाच पाठ आहे: एवढी शिकलेली मुलगी, एच-फोर या डिपेंडंट व्हिसावर कैक वर्षं घरी. तिथे बायकोला कामाची परवानगी मिळू लागली ती २०१५ पासून, आणि तीही नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा एक टप्पा मंजूर झाल्यावरच. त्यात सप्टेंबर २०२५ पासून बाहेरून येणाऱ्याच्या नव्या एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या अर्जावर एक लाख डॉलर भरायचे. आमच्या सातपूरच्या माणसासाठी ते कोणती कंपनी भरणार?

आणि सगळ्यात मोठी अडचण नातीची. ती पंधराची. मुलांना आईबापांच्या व्हिसावर एकवीसपर्यंतच राहता येतं, म्हणजे हातात सहा वर्षं. एका देशाला सात टक्क्यांहून जास्त ग्रीन कार्डं नाहीत या नियमामुळे भारतीयांची रांग त्याहून कितीतरी लांब. पोरगी तिथे वाढायची, कॉलेजात जायची आणि एकविसाव्या वाढदिवसानंतर स्वतःचा वेगळा व्हिसा शोधत फिरायची. आईबाप एका रांगेत, लेक दुसऱ्या. याला काय सहकुटुंब म्हणायचं?

इंग्लंडचं नाव काढलं की माई आवाज खाली आणतात. माईंचा आवाज खाली येणं ही दुर्मीळ गोष्ट; म्हणजे मागच्या गल्लीतलं प्रकरण आलं. तिथली एक सून वृद्धांची देखभाल करायला केअर व्हिसावर गेली. एजंटानं सांगितलं, सहा महिन्यांत नवरा आणि मुलगा येतील. ती गेली २०२४ च्या पावसाळ्यात. नियम ११ मार्च २०२४ लाच बदलला होता: त्या तारखेनंतर अर्ज करणाऱ्या केअर वर्करला कुटुंब नेता येत नाही. एजंटाला हे माहीत नव्हतं, यावर माझा काडीचा विश्वास नाही. पैसे किती घेतले ते ती माणसं सांगत नाहीत, पण घर गहाण पडलं एवढं सगळ्यांना माहीत आहे. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या परवानाधारक एजंटाला आपल्या सरकारच्या नियमानं उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. परवाना आहे की नाही, ते सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर दिसतं. तिथे बघतं कोण? लग्न जमवताना सात पिढ्या काढणारी आपली माणसं एजंटाचा नंबर व्हॉट्सअॅपवरून घेतात.

"पण आपली नर्स आहे की! नर्सला नेता येतं म्हणाला होतात तुम्ही."

येतं. नोंदणीकृत नर्सला ती बंदी नाही. पण तो व्हिसा मालकाला बांधलेला. नोकरी गेली, तर दुसरी शोधायला थोडा अवधी आणि सगळं बिऱ्हाड एका पगारावर लटकलेलं. सुनेनं स्वतःच नको म्हटलं. शिकायला जाऊन मग घरच्यांना बोलवायचं, हा मार्गही जानेवारी २०२४ पासून साध्या एम.ए., एम.एस्सी.वाल्यांना बंद झाला.

राहिली जर्मनी. ती अप्पांची आवड. प्रेसमध्ये नोकरी केलेला माणूस जर्मन छपाईयंत्रांपुढे दुसरं काही मानत नाही. शिवाय मुलाचे निम्मे मित्र बॉशमध्ये. नाशिककर अजून तिला मायकोच म्हणतात आणि त्या सर्कलला मायको सर्कल. बॉशचं मुख्यालय स्टुटगार्टजवळ, बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात, आणि त्याच राज्याशी महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये दहा हजार कुशल माणसं पाठवण्याचा करार केला. पेपरात ते वाचल्यापासून अप्पा 'गुटेन मॉर्गन' म्हणून दूधवाल्याला दार उघडत होते.

खरं सांगायचं तर कागदावर जर्मनी सगळ्यात उदार दिसते. इंजिनीअरला ब्लू कार्ड मिळालं, की बायकोला जाण्याआधी जर्मनची परीक्षा नाही आणि पोचल्यावर कोणतंही काम करायला मोकळीक. भाषा थोडी बरी जमली, तर २१ महिन्यांत कायमचं राहण्याची सोय. मात्र आधी हातात नोकरी हवी. नोकरी शोधायला जे चान्सेनकार्टे जून २०२४ पासून निघालंय, त्यावर बायकामुलांना सहसा नेता येत नाही, हे आपल्याकडे क्लासवाले सांगायचं विसरतात.

पण मोकळीक आहे म्हणून काम मिळतं का? सून गेली सोळा वर्षं आयसीयूत उभी आहे. तिथे वॉर्डात पेशंटशी जर्मनमधून नीट बोलता आल्याशिवाय तिला नर्स म्हणून कोण घेणार? मग ती गोदामात डबे भरणार का? आणि नात इथे नववीत. तिला एकदम जर्मन शाळेत घालायचं, गणितही जर्मनमधून. घरात यावरून मोठी वादावादी झाली. शेवटी नातच म्हणाली, "आजोबा, तुम्ही दहावी द्या जर्मनमधून." विषय तिथे मिटला.

कॅनडात बावीसच्या आतली, लग्न न झालेली मुलं आईबापांच्याच अर्जात धरतात आणि सगळ्यांना एकदमच पीआर, म्हणजे कायमचं राहण्याची परवानगी. सुनेला आणि मुलाला पहिल्या दिवसापासून कुठेही काम करता येतं. एक गोष्ट मी माईंना तीनदा बजावली: कोणी आत्ता येणार नसलं, तरी नवरा आणि मुलं सगळ्यांची नावं अर्जात घालायचीच, मेडिकलही करायचं. नाव लपवलं, तर पुढे त्या माणसाला स्पॉन्सर करायची वाट बंद होऊ शकते. धाकट्या नातवाला दहावीपर्यंत इथेच ठेवून खर्च वाचवायचा, असं काहीतरी मुलाच्या डोक्यात शिजत होतं म्हणे.

सगळं गोड नाही. चौघांसाठी २८ हजार कॅनेडियन डॉलरच्या वर रक्कम बँकेत दाखवावी लागते. पोचल्याबरोबर नर्सची टोपी मिळत नाही. प्रांताच्या नर्सिंग कॉलेजकडे वेगळी नोंदणी, वेगळ्या परीक्षा. तोवर सोळा वर्षांची सिस्टर दुसऱ्यांच्या हाताखाली. माझ्या लेकीच्या शेजारची केरळची नर्स त्यातून गेली, रडली आणि आता मजेत आहे.

"आणि आमचं काय?" माईंनी शेवटी मुद्द्याला हात घातला.

आजी-आजोबांना सुपर व्हिसा असतो. एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. एक लाख डॉलरचा आरोग्यविमा मात्र आधी काढायचा.

"पाच वर्षं? तिथे? बर्फात?" माई थबकल्या. मग म्हणाल्या, "यांचा तर पासपोर्टच नाही."

मला खरंच वाटेना. देशभराचे पासपोर्ट आमच्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापले जातात, त्या प्रेसमध्ये अप्पांचा जन्म गेला आणि स्वतःचा एक काढला नाही?

"म्हणतात, रोज हजारोंनी बघितले, हौस फिटली."

पुढची कामं सुनेनं वाटून दिली आहेत. मार्कशीटचे ट्रान्स्क्रिप्ट म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठातून आणायचे. बाकी महाराष्ट्र त्यासाठी एसटीनं नाशिकला येतो. आपल्याला म्हसरूळ म्हणजे एका रिक्षाचं काम, तर ते मुलाकडे. लग्नाचा दाखला आणि पासपोर्ट यांत सुनेचं नाव दोन तऱ्हांचं आहे, एकीकडे माहेरचं, एकीकडे सासरचं. ते आधी सरळ करून घ्या म्हटलं, नाहीतर तिथेच गाडी अडते. आयल्ट्स ती देऊन बसली आहे. आणि मुलाला आयल्ट्सच्या क्लासला घातलंय, कारण जोडीदाराच्या त्या चाळीस गुणांतले वीस इंग्रजीचे असतात आणि त्याचं इंग्रजी म्हणे सुनेपेक्षा कच्चं आहे.

"हे मात्र यांना सांगू नका हं, वहिनी," माई म्हणाल्या. इतक्या मोठ्यानं, की अप्पा आतून म्हणाले, "ऐकलं!"